फ्रेशक्लॅम म्हणतो 'लॉग लॉक आहे': तोच एरर पुन्हा पुन्हा का येतो

लिनक्सवर क्लॅमएव्ही हा अँटीव्हायरस बसवला, टर्मिनल उघडलं, व्हायरसच्या खुणांचा डेटाबेस ताजा करायला 'सुडो फ्रेशक्लॅम' दिलं आणि समोर हे आलं:

एरर: /व्हार/लॉग/क्लॅमएव्ही/फ्रेशक्लॅम.लॉग इज लॉक्ड बाय अनदर प्रोसेस
एरर: प्रॉब्लेम विथ इंटर्नल लॉगर
एरर: इनिशियलायझेशन एरर!

मग शोधाशोध होते. कुणीतरी सांगतं, लॉग फाइल उडवा. कुणी सांगतं, प्रोसेस किल करा. कुणी तर सगळं पॅकेजच काढून पुन्हा बसवायला लावतं. त्या दिवशी अपडेट होतं, माणूस सुटकेचा श्वास टाकतो, आणि आठवड्याने पुन्हा हाताने अपडेट करायला जातो तर त्याच ओळी हजर.

आधी एक खुलासा. आज्ञा आणि फायलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत आणि छोट्या अक्षरांत द्यायची. कॉन्फिग फाइलमधल्या सेटिंगच्या नावांत मात्र प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं असतं.

आता थेट उत्तर: वरचा एरर हा बहुतेक वेळा बिघाड नसतोच. अपडेटचं काम आधीच कुणीतरी करतंय, एवढंच तो सांगतो.

डेबियन, उबुंटू, मिंट या लिनक्सच्या घराण्यात क्लॅमएव्ही बसवलं की सोबत 'क्लॅमएव्ही-फ्रेशक्लॅम' नावाची सर्व्हिस येते आणि लगेच चालू होते. ती पडद्यामागे बसून राहते आणि डेबियनच्या ठरलेल्या सेटिंगप्रमाणे दिवसातून २४ वेळा, म्हणजे तासाला एकदा, नवा डेटाबेस आलाय का ते बघते. चालू असेपर्यंत लॉग फाइलवर तिचं कुलूप असतं. तुम्ही हाताने दुसरा फ्रेशक्लॅम सुरू करता, तो त्याच लॉगमध्ये लिहायला जातो, कुलूप बघतो आणि तिथेच थांबतो. दोन अपडेटरनी एकाच वेळी एकाच फोल्डरमध्ये फाइली बदलू नयेत म्हणून ही व्यवस्था चांगलीच आहे. वाईट आहे ती एररची भाषा. 'अपडेट आधीच चालू आहे' असं सरळ म्हटलं असतं तर अर्धी शोधाशोध वाचली असती.

खात्री करायला 'सुडो सिस्टमसीटीएल स्टेटस क्लॅमएव्ही-फ्रेशक्लॅम' द्या. 'ॲक्टिव्ह (रनिंग)' दिसलं की कुलूप कोणाचं ते कळलं. तरी शंका असेल तर 'सुडो एलएसओएफ' आणि पुढे लॉग फाइलचा पूर्ण पत्ता द्या. कोणत्या प्रोसेसने ती धरून ठेवली आहे ते नावानिशी समोर येईल. मग लॉगच्या शेवटच्या वीस-पंचवीस ओळी वाचा. 'डेली... डेटाबेस इज अप-टू-डेट' ही ओळ तासातासाने दिसत असेल तर तुमचं काम झालेलं आहे. हाताने अपडेट करायची गरजच नव्हती.

अपडेट खरंच ताजं आहे का, हे लॉगवर विश्वास न ठेवताही तपासता येतं. 'क्लॅमस्कॅन --व्हर्जन' दिलं की एका ओळीत तिरक्या रेघांनी तोडलेले तीन भाग येतात: इंजिनची आवृत्ती, डेली डेटाबेसचा क्रमांक आणि त्याची तारीख. आता 'होस्ट -टी टीएक्सटी करंट.सीव्हीडी.क्लॅमएव्ही.नेट' द्या. उत्तरात अपूर्णविरामांनी तोडलेली एक लांब ओळ येईल. तिचा तिसरा भाग म्हणजे सध्याच्या डेलीचा क्रमांक. दोन्ही क्रमांक जुळले, किंवा एका आकड्याचा फरक असला, तर सगळं ठीक आहे. फ्रेशक्लॅमही हेच करतो. दर वेळी सर्व्हरकडे फाइल मागत बसण्यापेक्षा तो डीएनएसची (इंटरनेटवरच्या नावांच्या यादीतली) ही चिमूटभर नोंद वाचतो आणि क्रमांक पुढे गेला असेल तरच डाउनलोडला लागतो.

तरीही हाताने चालवायचंच असेल, उदाहरणार्थ कॉन्फिग बदलल्यावर लगेच बघायचं असेल, तर क्रम असा: सर्व्हिस थांबवा, 'सुडो फ्रेशक्लॅम' चालवा, सर्व्हिस पुन्हा सुरू करा. तिसरी पायरी लोक विसरतात. मग महिनाभर अपडेट होत नाही आणि दोष क्लॅमएव्हीला जातो.

कुलपाचं एक खरं दुखणंही आहे. जुन्या मार्गदर्शकांत क्रॉनमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, फ्रेशक्लॅमची ओळ टाकायला सांगितलेलं असतं. ती ओळ आणि सर्व्हिस दोन्ही चालू राहिल्या की रोज ठरलेल्या वेळी क्रॉनकडून एररची मेल येते. 'सुडो क्रॉनटॅब -एल' आणि /ईटीसी/क्रॉन.डी हे फोल्डर बघा, दोघांतला एक ठेवा. मी सर्व्हिस ठेवतो.

आणि लॉग फाइल उडवण्याच्या सल्ल्याचं काय होतं? फाइल उडवल्यावर ती रूटच्या (मशीनच्या मुख्य प्रशासकाच्या) नावाने पुन्हा तयार झाली, किंवा तुम्हीच 'टच' करून बनवली, की क्लॅमएव्ही या वापरकर्त्याला तिच्यात लिहिता येत नाही. मग एरर बदलतो: 'कान्ट ओपन... इन अपेंड मोड, चेक परमिशन्स'. आधीचा एरर निरुपद्रवी होता, हा खरा आहे, कारण आता सर्व्हिससुद्धा सुरू होत नाही. उपाय सोपा: 'सुडो सीएचओन क्लॅमएव्ही:क्लॅमएव्ही' आणि पुढे फाइलचा पत्ता. डेबियनमध्ये लॉगचा गट कधी एडीएम असतो, पण मालक क्लॅमएव्ही असला की भागतं. (सुडो न लावता नुसतं 'फ्रेशक्लॅम' चालवलं तरी हाच परमिशनचा एरर येतो. तेव्हा काही बिघडलेलं नसतं.)

रीस्टार्ट केलं की चालतं, दोन दिवसांनी पुन्हा तेच

हा माझा स्वतःचा अनुभव आहे आणि यात मी चांगला आठवडा घालवला. २ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, त्यावर डेबियन, काम एवढंच की घरातल्या मशीनच्या फाइली एका जागी ठेवायच्या आणि त्या तपासायच्या. क्लॅमएव्ही बसवलं, पहिल्या दिवशी उत्तम. तिसऱ्या दिवशी बघतो तर डेटाबेस दोन दिवस जुना. लॉगमध्ये 'डेटाबेस लोड किल्ड बाय सिग्नल ९' आणि खाली 'डेटाबेस टेस्ट फेल्ड'.

मी शहाणपणा केला. /व्हार/लिब/क्लॅमएव्ही हे अख्खं फोल्डर रिकामं केलं आणि लॅपटॉप रीस्टार्ट केला. झालं की! सगळं नव्याने उतरलं, एरर गायब. दोन दिवसांनी पुन्हा तोच सिग्नल ९. पुन्हा रिकामं, पुन्हा रीस्टार्ट. चौथ्या खेपेला मात्र रीस्टार्टचाही कंटाळा आला आणि मी नुसतं फोल्डर रिकामं करून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी लॉगमध्ये नवीन ओळ: 'यू आर ऑन कूल-डाउन अंटिल आफ्टर', पुढे तारीख आणि वेळ. आता तर काहीच उतरेना.

हे का घडत होतं ते समजायला क्लॅमएव्हीचे तीन तुकडे वेगळे बघावे लागतात. फ्रेशक्लॅम डेटाबेस आणतो. क्लॅमडी हा डिमन, म्हणजे पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्रॅम, तो डेटाबेस मेमरीत उचलून कायम तयार बसतो. क्लॅमस्कॅन मात्र दर वेळी डेटाबेस नव्याने वाचतो, फाइली तपासतो आणि निघून जातो. सिग्नेचर, म्हणजे व्हायरस ओळखायच्या खुणा, लाखोंच्या संख्येने असतात, त्यामुळे क्लॅमडी नुसता बसला तरी १ जीबीच्या आसपास रॅम सहज धरतो.

आता अपडेटची वेळ बघा. फ्रेशक्लॅम नवी फाइल उतरवतो आणि जुनीच्या जागी ठेवण्याआधी ती नीट उघडते का ते पाहण्यासाठी स्वतः मेमरीत लोड करून बघतो. 'टेस्टडेटाबेसेस' हे सेटिंग मुळातच चालू असतं. हा झाला पहिला धक्का. ती पास झाली की तो क्लॅमडीला निरोप देतो, आणि क्लॅमडी जुना डेटाबेस हातात धरूनच नवा शेजारी लोड करतो, म्हणजे मधल्या काळात स्कॅनिंग थांबायला नको. ०.१०३ या आवृत्तीपासून हीच मूळची पद्धत आहे. पण तेवढ्या काळापुरती क्लॅमडीची मेमरी दुप्पट होते. हा दुसरा धक्का. २ जीबीच्या मशीनवर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, या गर्दीत कुणाचा तरी बळी घेतो. कधी फ्रेशक्लॅमची चाचणी मरते, कधी क्लॅमडी स्वतः. 'सिग्नल ९' म्हणजे हीच कर्नलची कुऱ्हाड. 'सुडो जर्नलसीटीएल -के' मध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोधलं की मेलेल्या प्रोसेसचं नाव मिळतं.

मग रीस्टार्टने बरं का वाटत होतं? फोल्डर रिकामं असल्यामुळे! डेबियनच्या सर्व्हिस फाइलमध्ये अट आहे की मेन आणि डेली या डेटाबेसच्या फाइली जागेवर नसतील तर क्लॅमडी सुरूच करायचा नाही. म्हणजे रीस्टार्टनंतर क्लॅमडी गप्प, रॅम मोकळी, फ्रेशक्लॅमची चाचणी आरामात पास. मग मी कौतुकाने क्लॅमडी सुरू करायचो आणि पुढचा अपडेट आला की पुन्हा टक्कर. चौथ्या वेळी रीस्टार्ट न केल्याने क्लॅमडी जुना डेटाबेस मेमरीत धरून चालूच राहिला, फ्रेशक्लॅम दर तासाला अख्खी फाइल उतरवायचा, चाचणीत ती मरायची, टाकून द्यायचा, पुढच्या तासाला पुन्हा पहिल्यापासून. समोरच्या सर्व्हरला हा काय प्रकार वाटला असेल? त्याने मला रांगेबाहेर काढलं, त्यात त्याचं काही चुकलं नाही.

माझा उपाय शेवटी असा झाला: २ जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) जोडली आणि क्लॅमडी.कॉन्फमध्ये 'कॉन्करंटडेटाबेसरीलोड नो' केलं. त्याने क्लॅमडी आधी जुना डेटाबेस सोडतो आणि मग नवा उचलतो. त्या मिनिटाभरात स्कॅनिंग थांबतं, मेल सर्व्हरला ते कदाचित चालणार नाही, माझ्यासारख्याला काय फरक पडतो. 'टेस्टडेटाबेसेस नो' असाही एक उपाय सुचवला जातो. मेमरी वाचते हे खरं, पण एखादी अर्धवट फाइल थेट क्लॅमडीच्या गळ्यात जाऊ शकते, म्हणून मी तो शेवटचा मानतो.

त्याहून सोपा प्रश्न स्वतःला आधी विचारायला हवा होता: क्लॅमडी हवाच कशाला? आठवड्यातून एकदा एखादं फोल्डर तपासायचं असेल तर क्लॅमस्कॅन पुरतो. तो दर वेळी सुरू व्हायला वेळ घेतो, पण काम झालं की रॅम परत करतो. मेल सर्व्हर, फाइल सर्व्हर, किंवा उघडली जाणारी प्रत्येक फाइल त्याच क्षणी तपासणं, असलं काही असेल तरच डिमन ठेवा. क्लॅमडी काढून टाकल्यावर फ्रेशक्लॅमच्या लॉगमध्ये 'क्लॅमडी वॉज नॉट नोटिफाइड' अशी सूचना येत राहील. निरोप घ्यायला कुणी नाही, एवढाच तिचा अर्थ. ती नको असेल तर फ्रेशक्लॅम.कॉन्फमधली 'नोटिफायक्लॅमडी' ची ओळ हॅश लावून बंद करा.

कूल-डाउन लागला असेल तर

काही करू नका. खरंच. लॉगच्या त्याच ओळीत वेळ दिलेली असते, तोवर थांबा आणि सर्व्हिस चालू राहू द्या. ती वेळ झाल्यावर ती स्वतःच पुन्हा प्रयत्न करते.

डेटाबेसच्या फोल्डरमध्ये फ्रेशक्लॅम.डॅट नावाची एक छोटी फाइल असते. तिच्यात तुमच्या इन्स्टॉलेशनची यादृच्छिक ओळख आणि 'केव्हानंतर यायचं' ही नोंद असते. ती उडवली की फ्रेशक्लॅम लगेच पुन्हा धावतो असं दिसतं, म्हणून हा सल्ला लोकप्रिय आहे. पण मोजणी समोरच्या बाजूलाही चालू असते. तुम्ही मर्यादा ओलांडलेलीच राहते आणि बंदी लांबू शकते.

लॉगमध्ये ४२९ हा आकडा असेल तर फार वेळा मागितलं असा अर्थ. ४०३ असेल तर प्रकरण वेगळं: एक तर तुमची क्लॅमएव्हीची आवृत्ती इतकी जुनी आहे की तिला डेटाबेस देणं बंद झालं आहे, किंवा तुमच्या नेटवर्कलाच मनाई आहे. डब्ल्यूगेट किंवा कर्ल या डाउनलोडच्या आज्ञांनी सीव्हीडी, म्हणजे डेटाबेसच्या फाइली, ओढणाऱ्या जुन्या स्क्रिप्टनाही हाच आकडा मिळतो. २०२१ च्या मार्चपासून ही शिस्त कडक झाली, कारण जगभरच्या असंख्य मशीन रोज पूर्ण फाइली फुकटच्या सीडीएनवरून, म्हणजे फाइली वाटणाऱ्या सर्व्हरच्या जाळ्यावरून, ओढत होत्या. फ्रेशक्लॅम मात्र आधीची फाइल शाबूत असेल तर फक्त सीडिफ नावाचे फरकाचे छोटे तुकडे आणतो, आणि तुकडे जोडलेल्या फाइलीचं नाव डेली.सीव्हीडी वरून डेली.सीएलडी होतं. नाव बदललेलं बघून घाबरलेले लोक मी पाहिले आहेत. ती नीट चाललेल्या अपडेटची खूण आहे. फोल्डर रिकामं केलं की हे तुकड्यांचं गणित मोडतं आणि सगळं पहिल्यापासून उतरवावं लागतं.

फाइल खरोखरच बिघडली असेल, म्हणजे वीज गेली, डिस्क भरली, असं काही, तर सर्व्हिस थांबवून फक्त तीच एक फाइल काढा, फ्रेशक्लॅम एकदा चालवा, सर्व्हिस सुरू करा. डिस्कचं निघालं म्हणून: अपडेट मध्येच मारला गेला की याच फोल्डरमध्ये टीएमपी ने सुरू होणाऱ्या नावांची उरलीसुरली फोल्डरं साचत जातात. 'डीयू -एसएच' ने आकार बघा. सर्व्हिस थांबलेली असताना ती उडवायला हरकत नाही.

एकाच इंटरनेट कनेक्शनमागे दहा-वीस मशीन असतील तर सगळ्यांची मागणी बाहेरून एकाच पत्त्यावरून आलेली दिसते आणि मर्यादा लवकर भरते. अशा ठिकाणी क्लॅमएव्ही बनवणाऱ्यांचंच सीव्हीडीअपडेट हे पायथनमधलं साधन एका मशीनवर बसवा. ते फाइली आणतं, साध्या वेब सर्व्हरने त्या आतल्या नेटवर्कवर वाटा, आणि बाकीच्या मशीनच्या फ्रेशक्लॅम.कॉन्फमध्ये 'प्रायव्हेटमिरर' म्हणून त्या मशीनचा पत्ता द्या.

'इन्व्हॅलिड डीएनएस रिप्लाय, फॉलिंग बॅक टू एचटीटीपी मोड' ही सूचना रोज दिसत असेल तर वर दिलेली होस्टची आज्ञा चालवून बघा. उत्तर येत नसेल तर तुमचा राउटर किंवा डीएनएस सर्व्हर टीएक्सटी प्रकारच्या नोंदी पुढे जाऊ देत नाही. डीएनएस बदला. अपडेट तसाही होतो, पण दर वेळी सर्व्हरला विचारून, आणि मग पुन्हा मर्यादेचा मुद्दा येतोच.

'युअर इन्स्टॉलेशन इज आउटडेटेड' आणि खाली 'डोन्ट पॅनिक'

हा इशारा फ्रेशक्लॅम कितीही वेळा चालवला तरी जाणार नाही, कारण फ्रेशक्लॅम फक्त डेटाबेस आणतो. इंजिन, म्हणजे खुद्द प्रोग्रॅम, आणणं हे एपीटी किंवा डीएनएफ या पॅकेज बसवणाऱ्या साधनांचं काम. डिस्ट्रो (डेबियन, फेडोरासारखं लिनक्सचं वितरण) आपली आवृत्ती तपासून, सावकाश देते, त्यामुळे मूळ प्रकल्पाची नवी आवृत्ती आल्यावर काही दिवस किंवा आठवडे हा इशारा दिसणं नेहमीचंच आहे. मूळ सोर्स उतरवून स्वतः कंपाइल करण्याच्या फंदात पडू नका. मग एकाच मशीनवर दोन क्लॅमएव्ही राहतात, एक /यूएसआर/बिन मध्ये आणि एक /यूएसआर/लोकल मध्ये, दोघांच्या कॉन्फिग फाइली वेगळ्या, डेटाबेसची फोल्डरं वेगळी, आणि तुम्ही ज्याला अपडेट करताय त्याने स्कॅन होतच नाही. 'विच -ए क्लॅमस्कॅन' दिल्यावर दोन ओळी आल्या तर समजून जा.

पण 'घाबरू नका' म्हटलंय म्हणून वर्षानुवर्षं दुर्लक्षही करू नका. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्पाने ०.९४ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांसाठी डेटाबेसमध्ये एक खास सिग्नेचर सोडली, जी वाचताच तो जुना क्लॅमडी बंद पडे. कारण तांत्रिक होतं. त्या आवृत्त्यांतल्या एका दोषामुळे ९८० बाइटपेक्षा लांब सिग्नेचर आली की तुकड्यांचा अपडेट मोडायचा आणि सगळे पूर्ण फाइल मागायला लागायचे. सहा महिने आधी सूचना दिली होती, तरी ज्यांच्या मेल सर्व्हरला कुणी हात लावला नव्हता त्यांची मेल अडकली. आता पद्धत सौम्य आहे: ठरलेल्या मुदतीनंतर जुन्या आवृत्तीला डेटाबेस मिळणं बंद होतं. ०.१०३ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती होती, तिची देखभाल सप्टेंबर २०२३ मध्ये संपली. पुढच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या १.० (नोव्हेंबर २०२२) आणि १.४ (ऑगस्ट २०२४). तुमच्याकडे अजून ०.१०३ दिसत असेल तर दुखणं क्लॅमएव्हीचं नाही, तुमच्या डिस्ट्रोची स्वतःची मुदत संपली आहे का ते बघा.

नव्याने बसवल्यावर क्लॅमडी सुरू होत नाही, स्टेटसमध्ये 'कंडिशन' असं काहीतरी दिसतं, हे कोडं वर सुटलंच आहे: डेटाबेस उतरेपर्यंत थांबा, मग 'सुडो सिस्टमसीटीएल स्टार्ट क्लॅमएव्ही-डिमन'.

फेडोरा आणि त्याच्या भावंडांत नावं वेगळी आहेत. सर्व्हिस 'क्लॅमडी@स्कॅन', तिची कॉन्फिग /ईटीसी/क्लॅमडी.डी/स्कॅन.कॉन्फ, अपडेट करणारा वापरकर्ता क्लॅमअपडेट. कॉन्फिगमध्ये नुसता 'एक्झाम्पल' लिहिलेली ओळ असेल तर तिच्यापुढे हॅश लावा. फाइल तुम्ही वाचली आहे याची खात्री म्हणून ती ओळ मुद्दाम ठेवलेली असते आणि ती असेपर्यंत प्रोग्रॅम चालायला नकार देतो. शिवाय एसईलिनक्स ही तिथली सुरक्षा-व्यवस्था क्लॅमडीला घरच्या फोल्डरमध्ये डोकावू देत नाही. त्यासाठी 'सुडो सेटएसईबूल -पी अँटीव्हायरस_कॅन_स्कॅन_सिस्टम १'. एसईलिनक्स बंद करून टाकणं हा उपाय मला कधीच पटला नाही. अँटीव्हायरस चालावा म्हणून मशीनचं खरं संरक्षण काढायचं, हा उलटा न्याय झाला.

ग्राफिकल क्लॅमटीके वापरणाऱ्यांचीही एक कायमची तक्रार असते: सर्व्हिस व्यवस्थित अपडेट करते, पण खिडकीत 'डेफिनिशन जुन्या आहेत' असंच दिसतं. त्याच्या अपडेट असिस्टंटमध्ये 'मी स्वतः अपडेट करीन' निवडलेलं असलं की तो तुमच्या होम फोल्डरमधला वेगळा डेटाबेस बघतो. आपोआप अपडेटचा पर्याय निवडा, म्हणजे तो सिस्टमचा डेटाबेस वाचेल.

डेटाबेस ताजा, तरी स्कॅनवर विश्वास ठेवू नये अशा दोन जागा

एक, 'क्लॅमडीस्कॅन' ला तुमच्या होम फोल्डरवर सोडलं की 'परमिशन डिनाइड' किंवा 'फाइल पाथ चेक फेल्युअर' अशा ओळींचा पाऊस पडतो. आज्ञा तुम्ही दिली असली तरी फाइल उघडतो तो क्लॅमडी, आणि तो क्लॅमएव्ही या वापरकर्त्याच्या नावाने चालतो. त्याला तुमचं होम कसं उघडेल? काही लोक यावर अख्ख्या होमला ७७७ (सगळ्यांना सगळं खुलं) परवानगी देऊन मोकळे होतात. तसं करू नका, आज्ञेत '--एफडीपास' जोडा. मग फाइल तुमच्या अधिकाराने उघडते आणि उघडलेला दुवा क्लॅमडीकडे जातो.

दोन, आणि ही जास्त फसवी: मोठ्या फाइली. 'मॅक्सफाइलसाइज' ही मर्यादा सध्याच्या आवृत्त्यांत मुळात १०० एमबी आहे, जुन्यांत २५ एमबी होती. त्यापुढची फाइल आली की क्लॅमएव्ही ती पूर्ण तपासत नाही आणि तरी तिच्यासमोर 'ओके' छापतो. एखादी ३ जीबीची आयएसओ दोन सेकंदांत 'ओके' झाली तर आनंद मानू नका. क्लॅमस्कॅनला '--अलर्ट-एक्सीड्स-मॅक्स=येस' दिलं की मर्यादेबाहेरच्या फाइली तो नावानिशी दाखवतो. मर्यादा वाढवता येते, पण वेळ आणि रॅम दोन्ही त्याच हिशोबाने वाढतात.

स्कॅन मुळात चालतंय का हे बघायला ईआयसीएआरची ६८ बाइटची चाचणी फाइल आहे. ती निव्वळ निरुपद्रवी मजकूर आहे, पण सगळ्या अँटीव्हायरसनी तिला व्हायरस म्हणायचं असं ठरलेलं आहे. तिच्यावर क्लॅमस्कॅन चालवा. 'फाउंड' आलं आणि बाहेर पडतानाचा कोड १ असला की साखळी पूर्ण. कोड ० म्हणजे काही सापडलं नाही, २ म्हणजे स्कॅन करताना काहीतरी चुकलं. स्वतःची स्क्रिप्ट लिहीत असाल तर २ ला ० समजू नका. मी समजलो होतो, आणि परमिशनच्या चुकांनी भरलेला स्कॅन कितीतरी दिवस 'स्वच्छ' म्हणून नोंदवत होतो.

'--रिमूव्ह' हा पर्याय वापरू नका. चुकीचे इशारे येतात, विशेषतः जुन्या मेलच्या साठ्यात, आणि तिथे एका संशयित मेलपायी हजारो मेल असलेली अख्खी मेलबॉक्स फाइल उडू शकते. '--मूव्ह' ने वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा आणि डोळ्यांनी बघून मग ठरवा.

इतकं करूनही गाठ सुटत नसेल आणि कुणाला विचारायचं असेल तर एररची एकच ओळ पाठवून भागत नाही. 'क्लॅमकॉन्फ -एन' ची पूर्ण माहिती द्या. त्यात फक्त मूळ सेटिंगपेक्षा वेगळं काय आहे ते येतं, शिवाय इंजिन आणि डेटाबेसच्या आवृत्त्या. सोबत 'फ्री -एच' आणि फ्रेशक्लॅमच्या लॉगच्या शेवटच्या पन्नास ओळी. प्रॉक्सी वापरत असाल तर पाठवण्याआधी त्यात पासवर्ड उघडा दिसत नाही ना, तेवढं बघून घ्या.